मावशीला बाळ सांभाळण्याचे पैसे देतो, कराचे काय?

प्रश्न
आम्ही दोघेही हिंजवडीत नोकरी करतो. मुलगी लहान आहे आणि पाळणाघराचा अनुभव बरा न आल्यामुळे एप्रिल 2025 पासून माझी सख्खी मावशी (वय 62) साताऱ्याहून येऊन तिला सांभाळते. ती संकोचाने नको म्हणत असली तरी दरमहा 15,000 रुपये आम्ही तिच्या खात्यावर जमा करतो. मला याची वजावट मिळेल का आणि मावशीला कर भरावा लागेल का? तिला एकाच बँकेतील मुदत ठेवींवर वर्षाला सुमारे 1,10,000 रुपये व्याज मिळते. अन्य उत्पन्न नाही.

प्रतिसाद 1
वजावट मिळणार नाही, कारण मूल सांभाळण्याचा खर्च हा घरखर्चच मानला जातो. मावशीची मात्र काळजी नको. नातेवाइकाने दिलेली भेट करमुक्त असते, तेव्हा ती भेट म्हणून दाखवावी.

प्रतिसाद 2
वजावटीचे म्हणणे बरोबर आहे, भेटीचे नाही. 1961 च्या कायद्यातील कलम 56(2)(एक्स) मध्ये नाते पैसे घेणाऱ्याच्या बाजूने मोजले जाते. घेणाऱ्याच्या आईवडिलांची भावंडे त्या यादीत आहेत, म्हणून मावशीने भाचीला दिलेली भेट करमुक्त ठरते. परंतु भावंडांची मुले यादीत नसल्यामुळे भाचीने मावशीला दिलेली रक्कम वर्षभरात 50,000 रुपयांच्या वर गेली, की ती सगळीच करपात्र होते. 'माय मरो पण मावशी जगो' हे कायद्याच्या कानावर गेलेले दिसत नाही. आईला किंवा सासूबाईंना दिलेली भेट मात्र कितीही असली तरी करमुक्त असते.

शिवाय कामाच्या बदल्यात दरमहा ठरलेली रक्कम देत असाल, तर तिला भेट म्हणणेच योग्य नाही. ते मावशींचे उत्पन्न आहे. 1,80,000 आणि व्याज मिळून 2,90,000 रुपये होतात. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीतील मूळ सूट (जिथपर्यंत कर लागतच नाही ती मर्यादा) 4 लाख, तर जुन्या प्रणालीत साठी ओलांडलेल्यांना 3 लाख आहे. म्हणजे कर शून्य. व्याज 1 लाखाच्या वर असल्याने बँक कर कापेल. तो टाळण्यासाठी 15एच हा अर्ज (आपल्याला कर लागू नाही, तेव्हा तो कापू नये, असे बँकेला कळवणारा) भरून द्यावा आणि त्यातील अंदाजित एकूण उत्पन्नात आपले 1,80,000 रुपयेही धरावेत.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. 15एच भरताना आम्ही फक्त व्याजच धरले होते. रक्कम 25,000 केली तर?

प्रतिसाद 2
तर एकूण उत्पन्न 4,10,000 होईल. नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87ए ची सवलत (आकारलेला कर माफ करणारी) असल्यामुळे कर तेव्हाही शून्यच राहील, परंतु मूळ सूट ओलांडल्यामुळे विवरणपत्र भरणे बंधनकारक होईल.