आर्चर सी६ वर ओपनडब्ल्यूआरटी टाकायचंय, आधी काय काय बघून घेऊ?

लालबागकर_१०
नमस्कार मंडळी. लालबागला दोन खोल्यांची जागा, १०० एमबीपीएसचा फायबर, ऑपरेटरने लावलेल्या ओएनटीच्या (फायबर येते त्या डब्याच्या) पुढे माझा स्वतःचा टीपी-लिंक आर्चर सी६. स्पीड टेस्ट केली की ९५ च्या आसपास येतं, पण बायको घरून काम करते आणि संध्याकाळी मुलाच्या फोनचे फोटो-व्हिडिओ बॅकअपला लागले की हिचा कॉल अडकतो, आवाज तुटतो, परवा तर ऐन मीटिंगमध्ये दोनदा बाहेर फेकली गेली. ऑपरेटरला तीनदा फोन केला, माणूस येतो, स्पीड टेस्ट लावून "बघा, येतंय ना" म्हणतो आणि जातो. ऑफिसातला एकजण म्हणाला ओपनडब्ल्यूआरटी टाक, म्हणजे राउटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) काढून त्याजागी लिनक्सवरचं हे खुलं फर्मवेअर. लिनक्स थोडंफार येतं पण राउटरला असा हात कधी लावला नाही. राउटर मेला तर हिचं दुसऱ्या दिवशीचं काम बुडेल, ती भीती आहे. आणि हे करणं कायद्यात बसतं ना?

मुलुंड_पूर्व
दादा, सगळ्यात आधी राउटर उलटा करा आणि स्टिकरवर Ver पुढे काय लिहिलंय ते इथे टाका. नुसतं "सी६" म्हणून काही कळत नाही. व्ही२ (व्हर्जन २) मध्ये क्वालकॉमची चिप आहे, व्ही३ मध्ये मीडियाटेकची, म्हणजे डबा आणि नाव तेच पण आतलं मशीन वेगळं, एकाची फर्मवेअरची फाइल दुसऱ्याला चालत नाही. त्यात व्ही२ साठीही दोन फाइली आहेत, एक साधी आणि एक यूएस वाली.

हे इतकं घोकून सांगतोय कारण मी स्वतः जुन्या टीपी-लिंक ८४१ राउटरवर घाईत पुढच्या व्हर्जनची फाइल चढवली होती. चूक पूर्ण माझी, स्टिकर वाचलंच नव्हतं. सगळे दिवे एकदम पेटून विझायचे, बस. मग लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-टीटीएल (राउटरच्या बोर्डाला थेट लॅपटॉप जोडायचा अडॅप्टर) आणला, राउटर उघडला, आरएक्स, टीएक्स आणि ग्राउंड अशा तीनच वायरी जोडल्या (व्होल्टेजची चौथी जोडायची नाही आणि ३.३ वरच ठेवायचं, ५ वर नाही), दोन रात्री गेल्या तेव्हा कुठे उठला.

तुमच्यावर ती वेळ येणार नाही, बऱ्याच टीपी-लिंकमध्ये टीएफटीपी रिकव्हरी असते, म्हणजे पडलेला राउटर केबलवरून लॅपटॉपमधली फाइल घेऊन परत उठतो. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा आयपी द्यायचा, कंपनीचं फर्मवेअर ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर मॉडेलच्या पानावर सांगितलेल्या नावाने ठेवायचं, रीसेट दाबून राउटर चालू करायचा, तो स्वतः फाइल ओढून घेतो. ही फाइल आणि टीएफटीपीचा प्रोग्राम आधी लॅपटॉपवर उतरवून ठेवा. राउटर पडल्यावर नेट कुठून आणणार?

पार्लेकरीण
कायद्याची काळजी करू नका, तुमचा राउटर आहे. फक्त वायफायच्या सेटिंगमध्ये देश भारत ठेवा म्हणजे चॅनल आणि पॉवर इथल्या नियमात राहते. आणि हे काही चोरून केलेलं काम नाही, लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स होतं, जीपीएल लायसन्समुळे त्यांना २००३ मध्ये तो कोड खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये हा प्रोजेक्ट सुरू झाला. नावातलं डब्ल्यूआरटी तिथलंच.

पण भाऊ, तुमचा रोग कोणता ते आधी बघा. कॉम्प्युटर केबलने जोडा, गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग लावून ठेवा (जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते दिसतं) आणि दुसरीकडे फोनवरून एक मोठा व्हिडिओ अपलोडला टाका. पिंग १० वरून ३००-४०० वर उडालं तर तो बफरब्लोट. अपलोडच्या डेटाची पाकिटं (पॅकेट) रांगेत साचतात आणि ताईंच्या आवाजाची छोटी पाकिटं त्यांच्या मागे ताटकळतात. विरारच्या गाडीत दादरला चढल्यासारखं, डबा धावतोय पण दाराशी पोचता येत नाही. स्पीड टेस्टच्या नुसत्या स्पीडच्या आकड्यात हे दिसत नाही, म्हणून ऑपरेटरच्या माणसाचा आकडाही खोटा नाही आणि तुमचा त्रासही खोटा नाही.

याच्यावर औषध एसक्यूएम, म्हणजे पाकिटांची रांग नीट सांभाळणारी सोय, ओपनडब्ल्यूआरटीवर त्याचं पॅकेज आहे. त्यात केक (cake) ही रांग लावायची पद्धत निवडा आणि वर-खाली दोन्हीकडे लाइनच्या ९० टक्के आकडा टाका, म्हणजे रांग ओएनटीत न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तो नीट वाटून सोडतो. थोडा स्पीड जातो, तो जाऊ द्या. १०० च्या प्लॅनला तुमचा प्रोसेसर पुरेल, ५०० चा असता तर दमला असता. फ्लो ऑफलोडिंग (पाकिटं झटपट पुढे ढकलायचं सेटिंग) बंदच ठेवा, ते चालू असलं की पाकिटं एसक्यूएमला वळसा घालून जातात.

पिंग उडत नसेल तर मात्र फर्मवेअर बदलू नका, तुमच्याकडे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर शेजारपाजारच्या नेटवर्कची गर्दी असणार, ताईंचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाका, झालं.

लालबागकर_१०
पिंग लावलं. रिकामं असताना ६, अपलोड चालू केलं की ३८०!! म्हणजे तेच. स्टिकरवर Ver: 2.0 आहे, मॉडेलच्या पानाशी ताडून साधी व्ही२ ची फाइल उतरवली. नावात factory आणि sysupgrade अशा दोन आहेत, कोणती?

मुलुंड_पूर्व
कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाताना फॅक्टरी. सिसअपग्रेड नंतर, एका ओपनडब्ल्यूआरटीवरून पुढच्यावर जाताना. साइटवर फाइलसमोर शा-२५६ (फाइल नीट उतरली का ते तपासायचा कोड) दिलेला असतो तो जुळवा. वायफायवरून करू नका, लॅन केबल लावा, आणि राउटर यूपीएसवर असू दे, फाइल चढताना लाइट गेली तर खेळ खल्लास. रविवारी सकाळी करा म्हणजे हातात दिवस राहतो.

लालबागकर_१०
केलं! तीन-चार मिनिटांत चालू झाला. वायफाय दिसेना म्हणून पोटात गोळा आला, मग वाचलं की सुरुवातीला वायफाय बंदच असतं आणि रूटला (मुख्य खात्याला) पासवर्ड नसतो. केबलने राउटरच्या १९२.१६८.१.१ या पत्त्यावर गेलो, पासवर्ड टाकला, वायफाय चालू केलं. पण नेट येतच नाहीये, आणि त्याच्याशिवाय एसक्यूएमचं पॅकेज उतरणार नाही. जुन्या फर्मवेअरवर हीच केबल चालत होती, काहीतरी बिघडवून ठेवलंय का मी?

पार्लेकरीण
काही बिघडलं नाही. तुमचा ओएनटी पण १९२.१६८.१.१ वरच असेल, बघा. ओपनडब्ल्यूआरटीचा लॅन (घरातल्या नेटवर्कची बाजू) डीफॉल्टने तोच पत्ता घेतो, मग राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच सबनेट (पत्त्यांचा गट) होतं आणि बाहेरचा रस्ता कुठला ते त्याला कळत नाही. टीपी-लिंकचं मूळ फर्मवेअर १९२.१६८.०.१ वर होतं म्हणून तेव्हा अडलं नाही. नेटवर्क, इंटरफेसेस, लॅन, तिथे १९२.१६८.१०.१ करा आणि सेव्ह अँड अप्लाय. पेज हातातून जाईल तेव्हा घाबरू नका, केबल काढून परत लावा आणि लगेच नव्या पत्त्यावर जा, दीड मिनिटात पोचला नाहीत तर तो जुनं सेटिंग परत आणतो.

लालबागकर_१०
ताई, आलं नेट!! पत्ता बदलल्या बदलल्या. एसक्यूएम टाकलं, वर-खाली ९० लावलंय. आत्ता मुलाचा बॅकअप मुद्दाम चालू ठेवून पिंग बघतोय, १४ ते १८ च्या वर जात नाही. हिचा उद्या दहाचा कॉल आहे, तो झाला की कळवतो.

मुलुंड_पूर्व
मस्त. आता सिस्टिम मेनूतून सेटिंगचा बॅकअप काढून ठेवा, आणि व्ही२ ला फ्लॅश (साठवणीची जागा) फक्त ८ एमबी आहे तेव्हा दिसेल ते पॅकेज टाकत सुटू नका.

लालबागकर_१०
कॉल सव्वा तास चालला, एकदाही तुटला नाही. बॅकअप काढला. व्ही२ वाल्या कोणाला करायचं असेल तर टीएफटीपीचं सगळं सामान माझ्याकडे पेन ड्राइव्हवर तयार आहे, परळ-लालबागमध्ये असाल तर घेऊन येतो.