मदत हवी आहे: बाबांची पत्र्याची शेड, चार सिकेटर आणि तोंडावर आलेला मृग

नमस्कार मंडळी,

ऐरोलीत आमचं सिडकोचं जुनं रो-हाउस आहे. मागच्या अंगणात बाबांनी पंधराएक वर्षांपूर्वी पत्र्याची शेड ठोकून घेतली, आठ बाय पाच फूट. (परवानगीचं कृपया विचारू नका, आमच्या गल्लीत तो प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही.) बागेचं सगळं सामान तिथे असतं. 'सगळं' हा शब्द मी जपून वापरतेय.

गेल्या रविवारी जास्वंद छाटायला सिकेटर शोधत होते. अर्धा तास मिळालं नाही म्हणून नर्सरीतून नवीन आणलं. ते ठेवायला शेडमध्ये शिरले, तर युरियाच्या पिशवीमागे एक, झारीच्या पोटात एक आणि खिळ्यांच्या डालडाच्या डब्यात एक, अशी तीन जुनी निघाली. तिन्ही गंजून मिटलेली, दोन्ही हातांनी जोर लावला तरी उघडेनात.

मग दार सताड उघडून नीट बघितलं. फावडं, टिकाव, दोन कुदळी, पहार आणि कोयता एका कोपऱ्यात एकमेकांवर रेललेले, आणि त्या सगळ्यांना वेढा घालून तीन ठिकाणी फाटलेला हिरवा पाइप. एक ओढलं की पाचही अंगावर येतात. खुरप्याचा दांडा वाळवीने आतून पोकळ केलाय, हातात घेतला तर पापडासारखा मोडला. युरियाचा दगड झालाय. कोकोपीटच्या पोत्यात उंदरांनी घर केलंय. शिवाय कोल्ड्रिंकच्या बाटलीत तपकिरी काहीतरी आहे. बाबा म्हणतात निंबोळी तेल, आई म्हणते फिनेल. वास घेऊन बघायची दोघांचीही तयारी नाही.

बाबा ७४ वर्षांचे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत टूलरूमला होते. काहीही टाकायला काढलं की 'लागतं कधीतरी' म्हणून परत आत ठेवतात. त्या फाटक्या पाइपवरून तर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

विचारायचं असं की पत्र्याच्या भिंतीवर अवजारं टांगायची कशी? प्लग बसत नाही, आणि भोक पाडलं की पावसात तिथूनच धार लागते, तो अनुभव घेऊन झालाय. दुसरं म्हणजे चार महिने ओल असताना लोखंड गंजू नये म्हणून काय करता? खतं-औषधं कुठे ठेवता? बजेट चार-पाच हजार. मृगाच्या आत उरकायचंय.

खोपटकर:
ताई, पत्र्याला हात लावूच नका. शेडचा सांगाडा लोखंडी अँगलचा असेल ना? त्या अँगलला प्लायची फळी नटबोल्टने कसा आणि हुक, खिळे जे काय ते फळीला. फळी आणि पत्रा यांच्यात बोटभर फट ठेवा. पत्र्याला रात्री आतून घाम सुटतो, फळी चिकटून असेल तर दोन पावसाळ्यांत फुगते. पहार टांगू नका, पायावर पडली की महिनाभर घरी बसाल. तिला कोपऱ्यात पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात उभी करा.

रोज लागणारं (खुरपं, सिकेटर, हातमोजे) दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. वर्षातून एकदा लागणारं माळ्यावर. जमिनीवर काहीही टेकवायचं नाही. एपीएमसीत भाजीचे असतात तसले प्लास्टिकचे क्रेट विटांवर ठेवा. लाकडी फळकुटं खाली घालाल तर वाळवीला आमंत्रण.

ते महागडे भोकाभोकांचे बोर्ड दिसतात ऑनलाइन, त्यांच्या नादी लागू नका. फोटोत छान दिसतात, टिकाव लटकवला की हुकासकट खाली.

कुंडीवाली:
सिकेटर टाकू नका! रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी तारेच्या घासणीने घासा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, नाहीतर उरलेलं आम्ल परत गंज चढवतं. कोरडं करून स्प्रिंगपाशी मशीनच्या तेलाचे दोन थेंब. माझी तीनातली दोन अशीच वाचली होती.

रोजच्यासाठी माझ्याकडे एका जुन्या बादलीत कोरडी रेती आहे, तेलाने जराशी ओलसर केलेली. काम झालं की माती धुवायची, पुसायचं आणि पातं दोन-तीनदा रेतीत खुपसायचं. घासलंही जातं, तेलही लागतं. रेती खाडीची नको, खारी असते, आहे तो गंज वाढेल. गाडीचं जळकं ऑइलही नको, शेवटी ते तुमच्या वाफ्यातच उतरतं.

लाकडी दांड्यांना जवसाचं तेल लावा, पण ती चिंधी बोळा करून शेडमध्ये टाकू नका. सुकताना आतल्या आत तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवायची, मग टाकायची.

रिकाम्या कुंड्या पालथ्या ठेवताय तर आधी आतून ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला सुकी चिकटून महिनोन् महिने तग धरतात, नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही.

गंजका खिळा:
आधी ती बाटली. कोल्ड्रिंकच्या बाटलीत औषध भरणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे आणि त्यात पोरं दगावतात. वास घेऊ नका, गटारात ओतू नका. झाकण पक्कं करून वर 'विष' असं लिहा आणि घंटागाडीवाल्यांना घातक कचरा म्हणून सांगून वेगळी द्या. यापुढे औषध मूळ बाटलीतच, कुलपात, आणि खतापासून लांब. युरिया हवेतलं पाणी ओढतो, त्याला घट्ट झाकणाचा डबाच हवा. दगड झालेला फोडून पाण्यात विरघळवून वापरता येतो, वाया गेलेला नाही.

उंदरांचं घर कोरडं झाडू नका. हातमोजे, गमबूट घाला, आधी फिनेलच्या पाण्याने भिजवा, मग उचला. उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो. पोती हलवण्याआधी लांब काठीने ढोसा. धामण असेल तर ती आपणहून जाईल, दुसरं काही असेल तर सर्पमित्राला फोन करा.

आणि फाटका पाइप टाकू नका हो! वीतभर-वीतभर तुकडे कापा, उभी चीर द्या आणि कोयत्याच्या, विळ्याच्या धारेवर चढवा. झाली म्यान.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. बाबांना प्रतिसाद वाचून दाखवले. पाइपचं ऐकून त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळपर्यंत कोयत्याला म्यान बसली होती. कुदळीलाही बसवली, तिला गरज नव्हती.

फळीचं सांगितल्यावर म्हणाले, "आमच्या टूलरूमला हेच होतं. प्रत्येक पान्यामागे त्याचा आकार रंगवलेला. पाळी सुटताना फोरमन नुसता फळीकडे बघायचा. रिकामा आकार दिसला की कोणी गेटबाहेर जायचं नाही."

मग घरी का नाही केलं बाबा?

"घरी कुठे पाळी सुटते?"

आता अंगणात ताडपत्रीवर सगळं मांडलंय आणि ते जुन्या पुठ्ठ्यावर एकेक अवजार ठेवून खडूने कड काढतायत. आईने बाटलीवर 'विष' लिहून खाली 'फिनेल नव्हे' असं बाबांनी लिहिलेलं खोडलंय.

एक शंका राहिली. पहार सोडून टिकाव, फावडं, दोन कुदळी धरून दहा-बारा किलो वजन होईल. बारा एमएमचा प्लाय पुरेल की अठराचाच घ्यावा? सुतार शनिवारी येतोय.