संगीत रजनी बंद करून दरमहा शंभर रुपये मागावेत का?

पूर्वभागकर:
सोलापुरात अशोक चौकाच्या मागे आमची छोटी अभ्यासिका आहे. विडी वळणाऱ्या बायकांची चाळीसेक मुलं संध्याकाळी येतात. भाडं, वीज, दोन शिक्षकांचं मानधन मिळून महिन्याला ३० हजार लागतात. दर वर्षी एक संगीत रजनी करून आम्ही हा पैसा उभा करतो. म्हणजे करत होतो असं समजत होतो. यंदा नीट हिशेब मांडला: जमले ४ लाख १० हजार. नाट्यगृह, कलाकार, साउंड, पत्रिका, चहा-चिवडा यांत गेले २ लाख ६० हजार. उरलेल्या दीड लाखात पाच महिने निघतात. त्यासाठी कार्यकर्ते तीन महिने तिकिटं खपवत फिरले आणि अभ्यासिकेत मुलांकडे बघायला कुणी नव्हतं.

माझं म्हणणं, कार्यक्रम बंद. ३०० माणसं, दरमहा १०० रुपये, यूपीआय ऑटोपे. एकदा मंजुरी दिली की पैसे आपोआप येतात. तळेगावचा काच कारखाना १९०८ साली लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून, पैसा फंडातूनच उभा राहिला ना? रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहं मूठ-मूठ धान्यावर चालली.

ताळेबंद:
आकडेमोड बरोबर, माणसांचा अंदाज चुकलाय. सहा महिन्यांत कुणाच्या खात्यात शिल्लक नसते, कुणी फोन बदलतो, कुणी मंजुरीच रद्द करतो. ३०० टिकवायचे तर ४५० गोळा करावे लागतील.

आणि ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीचं, आमिष दाखवू नका. नवी करप्रणाली घेणाऱ्याला ती वजावट मिळत नाही आणि आता बहुतेक पगारदार त्यातच आहेत. जुन्या प्रणालीतल्यांना हवी असेल तर पॅन घ्या, ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरणपत्र (फॉर्म १०बीडी) भरा. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. २ हजारांच्या वर रोख घेतलीत तर देणाऱ्याला सवलत शून्य.

त्यापेक्षा सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी, बघा. वर्षाचे ३ लाख ६० हजार कंपनीला काहीच नाहीत.

चादरवाला:
सीएसआर कुणाकडून आणणार ओ? नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी नाहीतर नक्त मूल्य ५०० कोटी, यातलं एक तरी बसलं तर तो कायदा लागू. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले आमच्यासारखे यंत्रमागवाले त्यात कुठं बसतात? राहिल्या मोठ्या कंपन्या. त्यांच्या दारात आधीच रांग आहे.

मी दर वर्षी दोनशे टॉवेल देतो. सीए म्हणतो, वस्तू दिल्या तर ८०जी नाही. नसू दे.

पण पूर्वभागकर, एक सांगतो, राग मानू नका. तुमच्या स्मरणिकेत मी १० हजारांची जाहिरात देतो. कार्यक्रमाला निम्मा बाजार भेटतो, पहिल्या रांगेत बसवता, बायको खूश. आता माझ्याकडं १०० रुपये मागणार? ते मोबाईलच्या रिचार्जसारखं कटून जाईल. तुम्हीही विसराल, मीही विसरेन.

पूर्वभागकर:
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पण स्मरणिकेला संगीत रजनीच कशाला हवी? छपाई तर ३५ हजारांत होते.

चादरवाला:
कार्यक्रम नसेल तर ती वाचणार कोण?

सूप:
मी अशाच एका अभ्यासिकेत शिकले. आईच्या मांडीवर विड्या वळायचं सूप, माझ्या मांडीवर पुस्तक. दहावीत असताना संस्थेने माझा फोटो पत्रिकेवर छापला, खाली ‘परिस्थितीवर मात’. विचारलं कुणीच नव्हतं. वर्गात महिनाभर मला ‘परिस्थिती’ म्हणून हाक मारत होते. रजनी असो की ऑटोपे, फोटो लावून पैसे मागू नका, एवढंच आधी ठरवा.

आणि तुमच्या ३०० माणसांत या मुलांच्या आया आहेत का?

ताळेबंद:
हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईकडून वर्गणी घ्यायची? हे काही पटत नाही.

सूप:
गणपती मंडळाला देते तेव्हा पटतं? माझी आई अभ्यासिकेला महिना २० रुपये द्यायची. म्हणून तर सर आठवडाभर आले नाहीत तेव्हा ती जाऊन जाब विचारू शकली. फुकट असतं तर गप्प बसली असती.

जुना कार्यकर्ता:
सगळे एक खर्च विसरताय. ३०० जणांना फोन कोण करणार? पावत्या, ‘या महिन्यात का कटले नाहीत’, कुणाच्या घरी लग्न, कुणाकडे दुःख. हे अर्धवेळ काम आहे, त्याला सहा-सात हजार द्यावेच लागतील. मग देणगीदार म्हणणार, माझा पैसा पगारात का गेला? आमच्या संस्थेत याच वादातून दोन विश्वस्त सोडून गेले. वर कुणीतरी कायद्याचं नाव घेऊन प्रशासनाच्या खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा सांगतो.

ताळेबंद:
ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीला स्वतःच्या सीएसआर प्रशासनासाठी आहे, संस्थेला नाही. हे मी दर मार्चमध्ये कुणाला ना कुणाला समजावतो. आणि शिक्षकाचं मानधन म्हणजे प्रशासन नव्हे, तेच तुमचं काम. फोन करणाऱ्याचा पगार मात्र ताळेबंदात उघड दाखवा. लपवलात की संशय आलाच.

सीएसआरबद्दल चादरवाल्यांचं मान्य. तरी तो निधी घेण्यासाठी संस्थेला लागणारी सीएसआर-१ नोंदणी करून ठेवा.

चादरवाला:
मला महिन्याला एवढंच कळवा: किती आले, किती गेले, किती मुलं आली. चार ओळी. फुलांचे फोटो आणि सुविचार नकोत.

पूर्वभागकर:
फोटो नाही, हे आज रात्रीच्या बैठकीत लिहून घेतो. आयांची वर्गणी २० रुपये, ऐच्छिक. दोन विश्वस्त नाक मुरडतील. स्मरणिका ठेवतो आणि ती गड्डा यात्रेच्या दिवसांत मुलांच्या हस्ते दुकानादुकानांत पोहोचवतो. (सूप, मुलांना विचारून.) ऑटोपेचं मी ३०० वर अडून बसत नाही. संक्रांतीपर्यंत ८० झाले तर पुढे जाऊ.

नाट्यगृहाची तारीख तोवर धरून ठेवलीय. कलाकारांना फोन मात्र केलेला नाही.