गाण्याच्या नव्या वेडाला पहिलं पुस्तक कोणतं द्यावं?

मध्यलय : भाची अठरा वर्षांची. 'कट्यार काळजात घुसली' पाहिल्यापासून 'घेई छंद मकरंद' दिवसभर चालू. परवा म्हणाली, "मामा, गाण्यावरचं एक मराठी पुस्तक दे. एकच." मी देणार बी. आर. देवधरांचं 'थोर संगीतकार'. देवधर विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, पण कान सगळ्या घराण्यांसाठी, म्हणजे गायकीच्या परंपरांसाठी, उघडे. सिंदेखाँसारख्या कलंदर गवयाकडूनही ते शिकले आणि कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकले. गवई त्यांनी जवळून पाहिलेत. आधी माणसं आवडू देत, शास्त्र कुठे पळून जातंय? दुसरं कोणतं सुचतंय का?

खर्जातला : साफ अमान्य. आपल्याकडे किस्सेबाज रसिक काय कमी आहेत? खाँसाहेबांचं खाणंपिणं, रुसवेफुगवे तोंडपाठ. समोरचा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की नाही, विचारू नका. 'घरंदाज गायकी' द्या. वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, तसाच चोख हिशेब मांडतात : स्वराला किती वजन, लयीला किती. 'घेई छंद'च्या दोन चाली, दोन गायक्या ऐकल्यावर तिला घराणं म्हणजे काय हा प्रश्न पडलेलाच असणार. पुस्तक 1961चं आहे, पण त्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मराठीत दुसरीकडे मला मिळालेलं नाही.

किराणावाली : चोख हिशेब?? एका टोकाला स्वराचं किराणा घराणं, दुसऱ्या टोकाला लयीचं आग्रा, आणि समतोल कुणाचा? जयपूरचा! लेखक जयपूरच्याच मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले, हेही सांगा की. पहिल्याच पुस्तकात मुलीच्या डोक्यात उतरंड कशाला? आमच्या किराण्याचे भीमसेन ऐकायच्या आधीच ती "पण लय…" म्हणायला लागेल.

खर्जातला : पक्षपात आहे, मान्य. पण तो उघड आहे आणि कारणांसकट आहे, म्हणून तर भांडता येतं. 'थोर' म्हटल्यावर भांडणार कसं?

रेडिओप्रेमी : तुम्ही दोघं मिळून पोरीला पळवून लावाल. 'नादवेध' द्या. अच्युत गोडबोले, सुलभा पिशवीकर. ओळखीच्या गाण्याचं बोट धरून रागापर्यंत नेतात. मी यमन असाच ओळखायला लागलो.

किराणावाली : राग ओळखणं हे कोडं झालं, ऐकणं नव्हे. "हा भूप ना?" करत अख्खी मैफल वाया घालवणारे शेजारी मला भेटलेत.

रेडिओप्रेमी : निदान मैफलीला आले तरी!

पोथीनिष्ठ : संगीतशास्त्र लिहिणाऱ्या भातखंड्यांचं नावही नाही? 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मुळात मराठीत, तीही गुरुशिष्यांच्या संवादात, शिवाय चांगली तिखट.

मध्यलय : चार भाग आहेत हो. तिने एक मागितलंय. :-) देवधरच देतोय. खर्जातला यांचा 'भांडता येतं' हा मुद्दा मात्र पटला, तेव्हा वामनराव दिवाळीला. किराणावाली, तोवर तिला कुणाची कोणती रेकॉर्डिंग ऐकवू, तेवढं सांगा. सुरुवात भीमसेनांपासूनच करा.