व्हिजीडेटात पिव्हट केल्यावर बेरीज कमी का येते?

प्रश्न
बाजार समित्यांची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) टर्मिनलात व्हिजीडेटाने, म्हणजे तक्ते पाहण्या-हाताळण्याच्या साधनाने, उघडली आहे. स्तंभ असे: दिनांक, समिती, शेतमाल, आवक (क्विंटल) आणि सर्वसाधारण दर. ओळींत समित्या, आडवे शेतमाल आणि चौकटीत आवकेची बेरीज असा पिव्हट तक्ता हवा. पिव्हट करणाऱ्या शिफ्ट+डब्ल्यूने आधी नुसती नोंदींची संख्या आली. + ने ‘सम’ लावल्यावर बेरीज आली, पण खऱ्यापेक्षा कमी. ‘मीन’ने (सरासरीने) काढलेला दरही पटत नाही.

उत्तर १
आवकेच्या स्तंभावर # (पूर्णांक प्रकार) लावलंय ना? ‘१,२५०’सारखा स्वल्पविराम असलेला आकडा त्याला पूर्णांक म्हणून वाचता येत नाही. अशा चौकटीच्या कडेला ! दिसतं आणि बेरजेत ती चौकट गुपचूप वगळली जाते. बेरजेत इशारा काही मिळत नाही, म्हणून ही चूक फार घातक.

मूळ तक्त्यात शिफ्ट+आय दाबा. प्रत्येक स्तंभात किती चुका, किती रिकाम्या जागा ते दिसेल. चुकांच्या आकड्यावर झेड, मग एंटर, की नेमक्या त्याच ओळी उघडतात.

आता आवकेवर $ (चलन प्रकार) लावा, ते स्वल्पविराम काढून टाकतं. मग + दाबून ‘सम’, समितीवर ! (म्हणजे ज्यावरून गट पडतात तो की-स्तंभ), आणि कर्सर शेतमालावर ठेवून शिफ्ट+डब्ल्यू. प्रकार नंतर बदललात तर क्यू दाबून मागे या आणि पिव्हट नव्याने करा. फाइल मोठी असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत थांबा, नाहीतर तोवर आलेल्या ओळींचाच हिशेब होतो.

उत्तर २
दराचं कारण वेगळं आहे. १० क्विंटलचा दिवस आणि ५,००० क्विंटलचा दिवस ‘मीन’ला सारखेच. दरावरही $ लावा, मग = दाबून आवक गुणिले दर असा नवा स्तंभ करा. त्याची बेरीज भागिले आवकेची बेरीज, हाच खरा सरासरी दर. यासाठी पिव्हटपेक्षा समिती आणि शेतमाल दोन्ही की-स्तंभ करून जी, मग शिफ्ट+एफ (प्रत्येक गटाची एक ओळ देणारा तक्ता) सोपं पडतं: दोन्ही बेरजा एकाच ओळीत येतात, तिथेच = ने भागाकार करा.

प्रश्नकर्ता
बेरीज जुळली! फक्त एका समितीची आवक अजूनही रिकामी येते. तिचे आकडे देवनागरीत आहेत.

उत्तर १
$ फक्त इंग्रजी अंक ठेवतं, देवनागरी अंक गाळून टाकतं. # आणि % (दशांश प्रकार) ला देवनागरी अंक चालतात, पण मग स्वल्पविराम अडतो. दोन्ही एकत्र असतील तर फाइल उघडण्याआधीच स्वल्पविराम काढा आणि % लावा. नंतर पिव्हटच्या त्या चौकटीवर झेड, एंटर करून मूळ ओळी एकदा डोळ्यांखालून घाला.