शहराच्या हिशेबात ‘खप’ म्हणावे की ‘वापर’?

प्रश्न: नाशिक परिसरात वर्षभरात किती माल येतो, किती बाहेर जातो, किती कचरा होतो, अशा एका अहवालाचे मराठीकरण हाती आहे. ‘मटेरियल कन्झम्प्शन’ला एका सहकाऱ्याने ‘द्रव्य-उपभोग’ सुचवला. मला ‘मालाचा खप’ जवळचा वाटतो. चालेल का?

उत्तर: ‘खप’ नको. खपात विक्री आहे आणि माल संपणेही आहे. दिवाळीत रव्याचा खप वाढतो, तो रवा संपतो. तुमच्या अहवालातली व्याख्या अशी असणार: हद्दीत काढलेला माल अधिक बाहेरून आलेला, वजा बाहेर गेलेला. सगळे टनांत. सारूळच्या खाणीतली खडी गंगापूर रोडच्या इमारतीत गेली तर तीही याच आकड्यात येते आणि पुढची कित्येक दशके तिथेच उभी राहते. ती खपली असे कुणी म्हणणार नाही. मी सरळ ‘वापर’ लिहीन आणि त्यातल्या टिकून राहणाऱ्या भागाला ‘साठ्यातली भर’. ‘उपभोग’ माणसाच्या सुखाशी बांधलेला शब्द आहे, त्यात कोळसा-डांबर बसत नाही.

बाकीचे शब्द बाजार समितीतून उचला: आवक, जावक, शिल्लक, घट. ‘घट’ तर फारच कामाचा. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा काढताना वजनाला कमी भरतो; काही सडलेला असतो, बरेचसे पाणी उडालेले असते. शहराच्या ताळेबंदातही मालातून असे उडून गेलेल्या पाण्याला रकाना लागतो. एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात नेमके उलटे होते. एक टन कार्बन जळला की सुमारे 3.67 टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो. जावक आवकेपेक्षा जड! म्हणून हवेचीही आवक धरावी लागते, नाहीतर ताळा जुळत नाही.

प्रश्न: आवक-जावक म्हटले की टपालाची नोंदवही डोळ्यांपुढे येते. ‘आयात-निर्यात’ का नको?

उत्तर: कारण ते शब्द देशाच्या सीमेला चिकटलेले आहेत. इथे वाशीला गेलेला कांदा आणि दुबईला गेलेला कांदा, दोन्ही एकाच रकान्यात पडतात. ‘निर्यात’ वाचली की वाचक फक्त दुबईचा धरेल. हद्दही आधी सांगून टाका. महापालिकेची धरली तर लासलगावहून परस्पर रेल्वेने गेलेला कांदा हिशेबात येतच नाही. जिल्ह्याची धरली तर तोच आधी उत्पादनात आणि मग जावकेत दिसतो.

प्रश्न: आणि ‘अर्बन मेटाबॉलिझम’?

उत्तर: ‘नागरी चयापचय’ ठेवा, रुळलेला आहे. शहर म्हणजे जणू शरीर; ते काय घेते आणि काय टाकते, याचा हा हिशेब. 1965मध्ये अमेरिकी अभियंते एबल वोल्मन यांनी दहा लाख वस्तीच्या एका कल्पित अमेरिकी शहराचा रोजचा हिशेब मांडला: पाणी 6,25,000 टन, इंधन 9,500 टन, अन्न 2,000 टन. पाण्याचा हिशेब सहसा वेगळा ठेवतात तो यामुळेच. गंगापूर धरणाचे पाणी मिळवले तर बाकीचा माल तक्त्यात दिसणारही नाही.

माझा खरा आग्रह कचऱ्याबाबत आहे. ‘निर्माण झालेला कचरा’ हा शब्दप्रयोग अहवालांत फार सैल वापरला जातो. पाथर्डीच्या खत प्रकल्पावर ज्याचे वजन होते तो उचललेला कचरा. रद्दी, लोखंड, बाटल्या भंगारवाल्याकडे जातात, त्या घंटागाडीत पडतच नाहीत. राडारोडा रातोरात नासर्डीकाठी ओतला जातो, त्याला कुठला काटा? शिवाय पावसाळ्यात त्याच घरांचा कचरा भिजून येतो आणि वजन वाढते. त्यावरून लोक जास्त टाकू लागले असे ठरत नाही. कष्ट करून भंगार वेचणाऱ्यांचे काम या एका सैल शब्दाने हिशेबातून पुसले जाते. तक्त्यावर ‘उचललेला कचरा’ लिहा आणि भंगार व राडारोडा यांचे रकाने आकडे नसले तरी ठेवा.