सरावाच्या उड्डाणात गेलेला वैमानिक : ‘हुतात्मा’ की ‘अपघाती निधन’?

परभणी : आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी मी दुसऱ्या महायुद्धातील एका विशीतल्या ब्रिटिश वैमानिकावरील लेखाचे भाषांतर करीत आहे. आघाडीवर जाण्यापूर्वीच, रात्रीच्या सरावाच्या उड्डाणात, त्याचे विमान वेल्समधील डोंगरावर आदळले. मी ‘सरावाच्या उड्डाणात हुतात्मा झाला’ असे लिहिले होते, परंतु संपादकांनी ते खोडून ‘अपघाती निधन झाले’ असे केले, कारण शत्रूचा वार झालेला नाही. ‘अपघाती निधन’ हे शब्द एसटीच्या अपघाताच्या बातमीतही येतात, म्हणून मला ते उणे वाटतात. जाणकारांनी मत द्यावे.

नांदेड : सर, आपल्या संपादकांचेच बरोबर आहे. मराठवाड्यात ‘हुतात्मा’ म्हटले की १९४६ साली रझाकारांकडून मारले गेलेले गोविंदराव पानसरे आठवतात, १७ सप्टेंबरला स्मारकापुढे होणारे ध्वजवंदन आठवते. उलट, ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या तुकडीचे नावच ‘हैदराबाद’ होते आणि तिच्या चिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते. निजामाशी लढताना पडलेल्याला आणि निजामाच्या दोस्ताच्या सैन्यातील माणसाला एकच शब्द लावणे माझ्या मनाला पटत नाही. माझे आजोबा त्या लढ्यात तुरुंगात होते, त्यामुळे हा शब्द आमच्या घरात जपून वापरला जातो.

अंबाजोगाई : आपल्या आजोबांविषयी पूर्ण आदर राखून लिहिते. ‘हुत’ म्हणजे आहुती म्हणून अर्पण केलेले. वार कोणी केला हे या शब्दात कोठेही नाही, अर्पण काय केले एवढेच आहे. ब्रिटिश हवाई दलात विमानातून उडणारा प्रत्येक जण स्वेच्छेने आलेला असे, उडण्याची सक्ती कोणावरही नव्हती, म्हणजे नाव नोंदवले तेव्हाच त्याने स्वतःला अर्पण केले होते. सरावही घरच्या अंगणातला नव्हता. आघाडीवरून काढलेली, झिजलेली विमाने, युद्धामुळे दिवे मालवलेला प्रदेश, ढग आणि ढगांत दडलेले डोंगर यांमधून त्या मुलांना वाट काढावी लागे. त्यांच्या बॉम्बफेकी दलाचे ५५,५७३ जण गेले, त्यांपैकी पाच हजारांहून अधिक केवळ प्रशिक्षणात गेले. युद्धस्मशानात लढाईत गेलेला आणि सरावात गेलेला, दोघांनाही एकाच मापाची शिळा मिळते. शिळा जो भेद करीत नाही, तो आपण शब्दाने का करावा?

लातूर : ताई, ‘हुतात्मा’ हा सावरकरांनी ‘शहीद’ऐवजी रूढ केलेला शब्द आहे. आमच्या भागात शाळेच्या फळ्यापासून चौकातल्या फलकापर्यंत ‘शहीद’ सर्रास चालतो, आणि लोकांच्या तोंडी बसलेला शब्द परका म्हणून हाकलणे मला मान्य नाही. मात्र अरबीत त्याचे मूळ ‘साक्षी’ या अर्थाचे आहे, त्यामुळे धुक्यात डोंगरावर आदळलेला मुलगा कशाची साक्ष देऊन गेला, हा प्रश्न उरतोच. सेनादलांत तर हे दोन्ही शब्द अधिकृतपणे वापरले जात नाहीत, असे केंद्र सरकारनेच सांगितलेले आहे. मला बखरींतला ‘कामास आले’ हा प्रयोग सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्यात मृत्यूचे वर्णन नाही, त्याला देवत्वही दिलेले नाही, फक्त हाती घेतलेले काम आहे.

अंबाजोगाई : प्रयोग सुंदर आहे, परंतु आजचे वाचक ‘कामी आला’ म्हणजे ‘उपयोगी पडला’ असे वाचतील. आठवीच्या वर्गात मला याचा अनुभव आला आहे.

नांदेड : मग ‘धारातीर्थी पडला’ का नको?

लातूर : धारा म्हणजे तलवारीची धार. विमानात ती कोठून आणायची?

जालना : मला वेगळेच खटकले. सरांनी सगळीकडे ‘तो’ लिहिले आहे. देशासाठी गेलेल्या माणसाला आपण ‘ते’ म्हणतो, ‘पानसरे मारला गेला’ असे कोणी लिहीत नाही.

परभणी : तो वीस वर्षांचा होता. माझ्या विद्यार्थ्यांहून थोडा मोठा, म्हणून ‘ते’ लिहिताना लेखणी अडखळली.

जालना : माझे चुलते सैन्यात होते आणि सुट्टीवर येण्याआधीच गेले. गावातील सभेत सगळे त्यांना ‘ते’ म्हणत असत. आजी मात्र शेवटपर्यंत ‘तो येणार होता’ असेच म्हणत राहिली. त्यामुळे आपले ‘तो’ चूक आहे, असेही मला ठामपणे म्हणवत नाही.

नांदेड : आजीचा ‘तो’ आजीपाशीच राहू द्यावा. छापताना ‘ते’च हवे.